जपानमध्ये दिवसभर पाणी प्याले, त्याची गोष्ट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात आता परत फॉरेन टूरच्या जाहिराती यायला लागल्यात, सात दिवसांत पाच शहरं, अमुक देश आठ दिवसांत, आणि आमच्या निवृत्त शिक्षिकांच्या ग्रुपवर रोज कुणी ना कुणी विचारतं की मॅडम तुम्ही जपानला जाऊन आलात तर काय काय बघितलं ते सांगा की. बघितलं पुष्कळ. पण मला सांगायचंय ते एका अशा दिवसाबद्दल ज्या दिवशी मी काही बघायला म्हणून निघालेच नव्हते, नुसती बसले होते, आणि त्या बसण्याचा संबंध आपल्या मराठवाड्यातल्या एसटी स्टँडशी आहे, म्हणून ग्रुपवर न टाकता तुम्हाला लिहितेय. पत्र जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी परभणीची. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली २२ वर्षं अप-डाऊन. मुलगा ओसाकाला कंपनीत आहे, दोन वर्षांपासून या या म्हणत होता, शेवटी दिवाळी झाली की चिवडा-अनारसे बांधून आम्ही दोघं नोव्हेंबरात गेलो. त्यानं चार दिवसांची ट्रिप आखली होती, हिमेजी, कुराशिकी, ओकायामा आणि हिरोशिमा. हिमेजीचा किल्ला बघायचा तर आतून उंच उंच लाकडी जिने चढावे लागतात, ते मी हौसेनं चढले आणि दुसऱ्या दिवशी कुराशिकीत हिंडून संध्याकाळी ओकायामाच्या हॉटेलात आले तर दोन्ही गुडघे भोपळ्यासारखे सुजलेले आणि डोकं गरगरतंय. मुलगा म्हणला, आई उद्या तुझा रेस्ट डे, आम्ही तिघं हिरोशिमाला जाऊन येतो, शिनकानसेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं, पाऊण तासाचंसुद्धा अंतर नाही.

त्या रात्री सुनेनं माझी पाण्याची बॉटल उचलली. सकाळी तिनं भरून दिलेली, ती जवळजवळ तशीच. ती म्हणली, आई, काल पण अशीच होती, तुम्ही पाणी का पीत नाही? मी म्हणलं, अगं बाहेर असल्यावर मी पीत नाही, सवयच आहे. ती म्हणली, सवय म्हणजे? आता तिला काय सांगणार.

सांगते. आमच्या शाळेत मी लागले तेव्हा बाई माणसासाठी संडास नव्हता. सकाळी साडेनऊची गाडी, संध्याकाळी साडेसहाला घरी, मधे काही सोय नाही, म्हणून सकाळी चहा अर्धा कप आणि पाणी नाही, हा नियम. शाळेत संडास झाला तोवर शरीराला वळण पडून गेलं होतं. आणि शाळेत झाला तरी स्टँडवर कुठं होता? एकदा मे महिन्यात ट्रेनिंगहून येताना एका तालुक्याच्या स्टँडवर गाडी रद्द झाली, दुसरी दोन तासांनी, महिलांच्या संडासाला कुलूप, किल्ली ज्याच्याकडं तो जेवायला गेलेला. मी त्या उन्हात स्टँडमागच्या गल्लीत जाऊन एका अनोळखी घराचं दार वाजवलं. त्या माऊलीनं एक शब्द न विचारता मागच्या अंगणात नेलं, वर तांब्याभर पाणी दिलं, ते पाणी मी प्याले नाही कारण पुढं दीड तासाचा प्रवास होता. तिला वाईट वाटलं असेल. घरी आल्यावर उन्हाळी लागली, ताप आला, तीन दिवस रजा. हे माझं एकटीचं नाही हो, मराठवाड्यात अप-डाऊन करणाऱ्या कुठल्याही शिक्षिकेला, नर्सबाईला, बाजारला जाणाऱ्या बाईला विचारा, ती पाण्याचा हिशोब सांगेल, किती वाजता शेवटचा घोट घेते ते.

तर रेस्ट डेच्या दिवशी सकाळी सुनेनं दोन बॉटल भरून दिल्या आणि म्हणली आज या दोन्ही रिकाम्या पाहिजेत. मुलानं कागदावर ट्रामचं चित्र काढून दिलं, मागच्या दारानं चढायचं, उतरताना पुढच्या दाराशी ड्रायव्हरजवळच्या डब्यात पैसे टाकायचे, शिरोशिता म्हणून स्टॉप येईल तिथं उतरायचं. ओकायामाची ही ट्राम १९१२ पासून चालू आहे आणि सगळी मिळून पाच किलोमीटरची पण नाही, आपल्या परभणीएवढ्या गावाला शोभेल अशी. डब्यात कुणी घाई केली नाही, माझ्या पुढची एक म्हातारी उतरायला उठली तर गाडी पूर्ण थांबेपर्यंत बसूनच होती, मग सावकाश उठली, सावकाश पैसे टाकले आणि ड्रायव्हर थांबला. आपल्याकडं गाडी स्टँडात शिरायच्या आधीच आपण दारात लोंबकळत असतो, उतरू देतील का नाही याची धास्ती.

तिथून कोराकुएन नावाची बाग पायी दहा-पंधरा मिनिटं, मला अर्धा तास लागला आणि तेवढ्यात मी तीनदा टेकले. टेकायला जागा होती म्हणून टेकले. तिकीट चारशे-पाचशे येन, म्हणजे आपले अडीच-तीनशे रुपये, दिवसभर बसा, संध्याकाळी पाचला बंद.

या बागेचं थोडं सांगते, कारण आपल्यातल्या पुष्कळांनी तिची धाकटी बहीण बघितलेली आहे. पुण्यात सिंहगड रोडला पु. ल. देशपांडे उद्यान आहे ना, ते याच कोराकुएनवरून केलेलं, त्याला पुणे-ओकायामा मैत्री उद्यान पण म्हणतात. मूळची बाग इकेदा त्सुनामासा नावाच्या तिथल्या सरदारानं १६८७ ला सुरू करून १७०० साली पुरी केली. म्हणजे इकडं औरंगजेब दख्खनमध्ये मराठ्यांशी लढत होता त्या काळात तिकडं बाग चालू होती. नदीच्या वरच्या अंगाकडून पाट काढून पाणी आत आणलेलं, ते वळणं घेत घेत सगळ्या बागेतून फिरतं. जपानमधल्या तीन नावाजलेल्या बागांत ही धरतात, बाकीच्या दोन कानाझावा आणि मितोला आहेत. १८८४ ला ती प्रांताच्या सरकारकडं आली आणि सगळ्यांसाठी उघडली. मग १९३४ ला पूर आला, १९४५ ला लढाईत बॉम्ब पडले, बाग उद्ध्वस्त झाली, आणि जुन्या चित्रांवरून त्यांनी ती होती तशी परत उभी केली. नदीपलीकडचा काळा किल्ला पण २९ जून १९४५ च्या हल्ल्यात जळाला होता, आता दिसतो तो १९६६ ला बांधलेला. घरचे तिघं हिरोशिमाला गेलेले आणि मी इथं शांत बसलेली, पण इथं पण आकाशातून आग पडलेली होती हे वाचल्यावर मी त्या हिरवळीकडं बराच वेळ बघत राहिले.

बागेत एक घर आहे, र्‍यूतेन म्हणतात. घर म्हणजे वर माडी आणि खाली भिंती नाहीत, नुसते खांब, आणि घराच्या मधून पाट वाहतो. खरंच मधून. दोन्ही बाजूला लाकडी ओटा आणि मधे पाणी, पाण्यात सहा रंगीत दगड ठेवलेले. सरदाराला फिरून दमल्यावर बसायला म्हणून बांधलेलं. लढाईतून जी थोडी बांधकामं वाचली त्यातलं हे एक. चपला काढून मी ओट्यावर बसले, गुडघे लांब केले, खांबाला पाठ टेकली. लाकूड इतकं गुळगुळीत की किती माणसं बसून गेली असतील कुणास ठाऊक. पाणी दगडाला लागून वाकतं, एक पिवळं पान आलं, दगडाशी अडकलं, फिरलं, सुटून गेलं. मी पहिली बॉटल उघडली आणि अर्धी प्याले. तेवढं पाणी बाहेर बसून मी कधी प्याले ते मला आठवत नाही. संडास कुठं आहे ते मी आधीच बघून ठेवलं होतं, बागेच्या नकाशावर मोठ्या खुणेनं दाखवलेलं असतं आणि खरंच तिथंच असतं. आत गेले तर कडी लागते, दिवा लागतो, कागद आहे, हात धुवायला पाणी आहे, पर्स अडकवायला खुंटी आहे. खुंटी आहे हो! हे ज्या बाईनं दातात पर्स धरून साडी सावरलीय तिला कळेल.

मग मी परत येऊन बसले. परत प्याले. दिवसभर हेच केलं.

समोर हिरवळीवर चार-पाच बाया उकिडव्या बसून गवत काढत होत्या. डोक्याला मान झाकेल अशी टोपी, हाताला कोपरापर्यंत बाह्या, हातात छोटासा विळा. मी आधी सहज बघत होते, मग लक्षात आलं की ही तर खुरपणी. तोच हात, मुळाशी टोक घालायचं, मनगट वळवायचं, माती झटकायची, डाव्या बाजूला ढीग. बसल्या बसल्या पुढं सरकायचं. माझी माय अशीच सरकायची कापसाच्या ओळीतून. एवढ्या मोठ्या बागेची हिरवळ या बाया हातानं निवडतात, आणि दहा-सव्वादहाला त्या उठल्या, झाडाखाली ओळीनं बसल्या, थर्मासमधून चहा घेतला, थोड्या वेळानं परत कामाला. त्यांच्यातल्या एकीनं माझ्याकडं बघून मान लववली, मी नमस्कार केला. बाग बघायला आलेल्यांना बसायला जागा आहे हे ठीकच, पण बाग राखणाऱ्या बायांना पण चहाची वेळ आहे आणि सावलीत जागा आहे, हे मला जास्त मोठं वाटलं.

बागेत भाताची छोटी वाफ्यावाफ्यांची शेती पण आहे, चहाची झुडपं आहेत आणि पिंजऱ्यात लाल डोक्याचे मोठे पांढरे करकोचे. लढाईच्या काळात इथले करकोचे संपले होते, मग १९५६ ला ग्वो मोरुओ म्हणून चीनचे विद्वान, जे तरुणपणी ओकायामाला शिकलेले, त्यांनी दोन करकोचे भेट दिले. ज्या देशाशी लढाई झाली त्या देशातून भेट आली, ही गोष्ट मी वर्गात सांगितली असती.

दुपारच्या आधी मी तळ्याकाठच्या बेंचवर आले. पाठ टेकता येते असा बेंच, लाकडी. शेजारी एक आजी येऊन बसल्या, त्यांच्याकडं चार चाकाची गाडी, ढकलत चालायची आणि दमलं की तिच्यावरच बसायचं. मोबाईलवर त्या बोलायच्या आणि मला हिंदीत दिसायचं. ८४ वर्षांच्या. दर आठवड्याला येतात. मला विचारलं कुठून, मी सांगितलं भारत. मग विचारलं, एकटी आलीस? मी म्हणलं हो, आज एकटी. त्या हसल्या आणि मोबाईलवर उमटलं, अच्छा है. आणि पिशवीतून एक संत्रं काढून माझ्या हातावर ठेवलं.

एकटी आलीस, छान आहे. मी परभणीत ६१ वर्षांत हे वाक्य ऐकलेलं नाही. आपल्याकडं बाई बागेत एकटी बसलेली दिसली की दहा मिनिटांत कुणीतरी विचारतं, कुणाची वाट बघताय का? विचारणारा वाईट नसतो, काळजीनंच विचारतो, पण बाई नुसती बसलेली असू शकते हे त्याच्या डोक्यात येत नाही. बाई म्हणजे कुठून तरी कुठंतरी चाललेली, नाहीतर कुणासाठी तरी थांबलेली. दमली म्हणून बसलीय, वारं खातीय, पाण्याकडं बघतीय, हे कारणच धरलं जात नाही.

संत्र्याच्या बदल्यात मी त्यांना धपाटं दिलं. मुलाकडं कोबेच्या इंडियन दुकानातून आणलेलं ज्वारीचं पीठ होतं, त्याची मी निघायच्या सकाळी धपाटी लावली होती, प्रवासात टिकतात म्हणून. त्यांनी वास घेतला, पांढरे तीळ लावलेले ते बोटानं दाखवले, ओळखीचे वाटले असतील, आणि पिशवीत जपून ठेवलं. मी माझं नंतर बाहेर नदीकाठच्या बेंचवर जाऊन खाल्लं, शेंगदाण्याच्या चटणीसोबत, समोर असाही नावाची नदी आणि तो काळा किल्ला. ओकायामाला जपानमध्ये उन्हाचा मुलूख म्हणतात, तिथले लोक त्याचा अभिमान बाळगतात, द्राक्षं आणि पीच त्या उन्हामुळं गोड होतात म्हणून. ऊन तर आपल्याकडं किती आहे. सावलीची सोय मात्र आपण करत नाही.

संध्याकाळी हॉटेलवर मुलगा आल्यावर त्याला कोराकुएनचा अर्थ विचारला. तो म्हणला, को म्हणजे नंतर, राकू म्हणजे सुख, एन म्हणजे बाग. हे नाव १८७१ ला ठेवलं, एका जुन्या चिनी वचनावरून, की राज्य करणाऱ्यानं लोकांच्या आधी काळजी करावी आणि लोकांच्या नंतर सुख घ्यावं. म्हणजे आधी सगळ्यांचं होऊ दे, मग माझं. मी गप्प बसले. हे तर आमच्या घराघरातल्या बाया रोज करतात, सगळ्यांची ताटं झाली की उरलेल्यात आपलं. फक्त बाईचं ते नंतरचं सुख बऱ्याच वेळा यायचंच राहून जातं. माझ्या वाट्याला ते ६१ व्या वर्षी आलं, आणि तेही गुडघे सुजले म्हणून. दोन्ही बॉटल रिकाम्या होत्या, सुनेला दाखवल्या. डोकं उतरलं होतं.

आता मूळ मुद्दा. मला जपानची आरती ओवाळायची नाही. बसायची जागा आपल्याला कुणी परदेशातून शिकवायची गरजच नाही, गावोगाव पार होते, वाटेवर पाणपोया होत्या, जिंतूर तालुक्यातलं चारठाणा बघा, आपल्या जिल्ह्यात बारवा किती आहेत, पायऱ्या उतरून गार दगडावर बसावं आणि पाणी प्यावं म्हणूनच बांधलेल्या. संभाजीनगरची पाणचक्की तर डोंगरातून मातीच्या नळानं पाणी आणून चालवलेली आणि तिथं वाटसरूंची सोय होती. पाणी, सावली, टेकायला जागा हे एकत्र लागतं हे आपल्या जुन्या लोकांना माहीत होतं. आपण नंतर वेगवेगळं करून टाकलं. बेंच उन्हात, नळ दुसऱ्या टोकाला, संडासाला कुलूप. आमच्या ओळखीच्या एका बागेत बेंच लोखंडाचा, एप्रिलमध्ये सकाळी अकराला त्याच्यावर हात ठेवता येत नाही, पाठीवर मात्र कुणाच्या निधीतून दिला ते मोठ्या अक्षरात, आणि मधली पट्टी निघालेली. निधी देणाऱ्यानं एकदा तिथं अर्धा तास बसून बघावं एवढंच म्हणणं आहे.

आणि हे आत्ताच का लिहितेय तर १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं. फार चांगलं झालं, माझ्या शेजारची बाई पहिल्यांदा एकटी माहेरी जायला लागली, देवाला जायला लागली. ७५ च्या पुढच्यांना तर तिकीटच नाही. म्हणजे बाया आणि म्हातारी माणसं पूर्वीपेक्षा जास्त बाहेर पडणार हे सरकारनंच ठरवलं. मग ती उतरल्यावर कुठं बसणार, काय पिणार आणि कुठं जाणार हे पण त्याच निर्णयात यायला पाहिजे होतं. अर्धं तिकीट दिलेली बाई अजून तहानलेलीच प्रवास करतीय.

मागणी मोठी नाही. मराठवाड्यातल्या प्रत्येक स्टँडवर आणि प्रत्येक सार्वजनिक बागेत महिलांचा संडास गाडी चालू असेपर्यंत उघडा असावा, त्याला आतून कडी, दिवा, पाणी आणि एक खुंटी असावी. त्याच्याजवळच पिण्याच्या पाण्याचा नळ, पण लागून नको, पाच पावलं लांब. सावलीत पाठ टेकता येईल असे बेंच, लाकडी किंवा सिमेंटचे, लोखंडाचे नकोत. आणि हे सगळं राखायला पगारी बाई, महिन्याच्या महिन्याला पगार मिळणारी, आणि तिला पण बसायला खुर्ची आणि चहाची वेळ. ती नसेल तर बाकीचं महिनाभरात मोडतं हे आपण शंभरदा बघितलंय.

टूरला जाणाऱ्या मैत्रिणींना पण एक सांगते, ट्रिप ठरवताना एक दिवस मोकळा मागून घ्या. कंपनीवाले म्हणतील वाया जाईल. नाही जात. हिमेजीच्या जिन्यांचे माझे फोटो आहेत, पण डोळे मिटले की ते पिवळं पान दगडाशी फिरताना दिसतं.

त्या मे महिन्यातल्या स्टँडचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही, एकाचं लिहिलं की बाकीचे म्हणतात आमचं बरं आहे. तेव्हा संपादक साहेब, माझी विनंती अशी की वाचक बायांना तुम्हीच पेपरातून आवाहन करा, आपापल्या गावच्या स्टँडवर दुपारी बारा वाजता कुलूप आहे का उघडं, नळाला पाणी आहे का, आणि सावलीत किती जणी बसू शकतात, एवढ्या तीनच गोष्टी त्यांनी पोस्टकार्डावर लिहून पाठवाव्यात, आणि त्या तुम्ही गावाच्या नावासकट छापाव्यात. परभणीचं पहिलं कार्ड मी पाठवते, येत्या सोमवारी बारा वाजता जाऊन, बॉटल भरून घेऊन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, परभणी